आकड्यावरची ओढ

आकडेवाले हे त्यांचे खरे नाव नव्हे. पण पगाराची सही सोडली, तर खऱ्या नावाशी त्यांचा फारसा संबंध उरला नव्हता. वसाहतीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला ते ऐकून वाटे, गृहस्थ जुगारी असावा, आकडे लावणारा. लेकीच्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलाच्या मामांनी तर चारचौघांत विचारलेच होते, "तुमचे वडील आकडा लावतात म्हणे?" त्यावर लेक मान वर न करता म्हणाली होती, "लावतात ना. रोज संध्याकाळी. वाघिणीच्या तोंडाशी." मामांना यातले काही कळले नाही, पण लग्न जुळले.

आकडा म्हणजे एक लोखंडी गज होता. लांबीला माणसाच्या उंचीएवढा. एका टोकाला लाकडी मूठ, दुसरे टोक वळवून बोथट केलेले. शहरातल्या जुन्या प्राणिसंग्रहालयात, ज्याला तिथली माणसे नुसते 'बाग' म्हणत, वाघांच्या पिंजऱ्यांवर आकडेवाल्यांची उभी हयात गेली. बाकीचे राखणदार मांसाचा तुकडा खालच्या फटीतून आत ढकलत आणि मोकळे होत. आकडेवाल्यांची रीत निराळी होती. ते तुकडा आकड्याला अडकवत, गजांमधून आत धरत, आणि वाघिणीने तो ओढून घेईपर्यंत मूठ घट्ट धरून उभे राहत. त्या वेळी ते डोळे मिटून घेत. वाघाच्या तोंडापासून आकडाभर अंतरावर डोळे मिटून उभा असलेला हा माणूस पाहायला संध्याकाळी गर्दी जमे. कोणाला वाटे, प्रार्थना करतात. कोणाला वाटे, घाबरतात.

"डोळ्यांना फसवता येतं," ते सांगत. "ती गुरगुरते, शेपटी आपटते, आपल्याला वाटतं ठणठणीत आहे. हाताला नाही फसवता येत. हातात ओढ येते ती खरी."

ओढ हा त्यांचा शब्द होता. पुढे तो सगळ्या बागेचा झाला. दातात काही रुतले असेल, पोट बिघडले असेल, मान अवघडली असेल, तर त्या दिवशीची ओढ वेगळी लागे, आणि ती आकडेवाल्यांच्या तळहाताला इतरांच्या आधी समजे. एकदा त्यांनी सिंहाची ओढ डावीकडे जाते म्हणून सांगितले आणि उजव्या दाढेखाली हाडाची कपची सापडली. त्यानंतर पशुवैद्य असलेल्या डॉक्टरबाई सकाळच्या फेरीला आल्या की तपासणीच्या आधी विचारत, "काल ओढ कशी होती, काका?" आणि ते जे सांगतील ते पुढे जाई. कोणी पडताळून पाहत नसे. ज्या कामात एखाद्या माणसाचा हात बसलेला असतो, तिथे इतरांचे डोळे हळूहळू कामातून जातात. त्याला आपण विश्वास म्हणतो आणि त्याबद्दल स्वतःवर खूश असतो.

बागेने पुढे पिंजऱ्यासमोर एक पाटी लावली. तिच्यावर वाघाच्या चाव्याचा जोर आकड्यात लिहिला होता. त्या पाटीने आकडेवाल्यांना भंडावून सोडले.

"काय हो, हिचा आकडा किती?" एखादा विचारी.

"हा काय हातात आहे."

"तो नाही. चाव्याचा. पाटीवरचा खरा का?"

"लिहिलाय म्हणजे असेल. मी काही हिला काट्यावर चावायला बसवलेलं नाही."

"आणि आमच्या साहेबांचा मोजून द्याल का?" मागून कोणीतरी म्हणे, आणि सगळी टोळी हसे.

आकडेवालेही हसत. मग शांतपणे सांगत, "ही चावत नाही. चावतो कुत्रा. चावला, सोडला, पुन्हा चावला. ही धरते. हिचा जबडा बघा, वर जातो आणि खाली येतो, बस. आपल्यासारखा आडवा फिरत नाही. त्यामुळं हिला चघळता येत नाही. पुढचे चार सुळे धरायला. मागच्या दाढा कात्रीच्या पात्यासारख्या, त्या कापायला. आणि मधे मोकळी जागा ठेवलीये, सुळे हिरडीपर्यंत रुतावेत म्हणून. मोठ्या जनावराचा गळा धरला की ही फाडत बसत नाही. त्याचा श्वास थांबेपर्यंत नुसती धरून राहते. नख्या बाहेर काढून अंग आवळायचं, मान स्थिर, डोळे उघडे. चाव्याला जोर लागत असेल. धरून राहायला धीर लागतो."

"पण एवढा जोर येतो कुठून?"

"जबडा आखूड आहे म्हणून. आणि इथून." ते स्वतःच्या कानशिलावर बोट ठेवत. "टाळूवर हाडाची एक कड असते हिच्या. तिथून एक स्नायू निघतो तो कानाजवळून खाली जबड्यापर्यंत. धरलं की इथं टेकाड वर येतं. तुम्हीही दात आवळून बघा, तुमचंही येईल. उंदराएवढं."

लोक कानशिलाला हात लावून दात आवळत. एका पिंजऱ्यासमोर दहा-बारा माणसे दात आवळून उभी आहेत, हे दृश्य वाघीण आतून निर्विकारपणे पाहत असे.

ती वाघीण म्हणजे थोरली. तिच्या शेजारच्या पिंजऱ्यात तिचीच लेक होती, ती धाकटी. दोघींमधले दार रात्री उघडे ठेवत. थोरली बछडी असताना आकडेवाल्यांनी तिला पहिला तुकडा दिला होता, आणि त्यानंतर आजारपणाचे दिवस सोडले तर दुसऱ्या कोणाच्या हातून तिने घेतला नव्हता.

घरी बायको शिवणकाम करत असे. खिडकीशी यंत्र, भिंतीला कपड्यांची गाठोडी, आणि गळ्यात दोऱ्याने बांधलेली कात्री. ही कात्री नुसतीच लोंबकळे; दोरा ती दातांनीच तोडी. कट् असा आवाज होई आणि पुढचे बटण सुरू.

"गळ्यात कात्री आहे की," आकडेवाले म्हणत.

"कात्री हातात येईतो दोन बटणं लागतात."

"एक वाघीण बागेत, एक घरात."

"हो. बागेतलीला रोज हातानं भरवता. घरातलीनं स्वतः शिजवायचं, स्वतः वाढून घ्यायचं." मग सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणे, "अहो, तिकडची ओढ डोळे मिटून कळते तुम्हाला. इकडची डोळे उघडे ठेवूनही कळत नाही, हे विशेष."

लेक माहेरी आली असली की या बोलण्याला खळखळून हसे. आकडेवाले चुलीवरचे भांडे फडक्याशिवाय उचलून खाली ठेवत आणि म्हणत, "वाढा आता." गरम भांडे असे उघड्या हाताने उचलण्याची त्यांची सवय अलीकडची होती. बायकोने एकदा त्यांचा तळहात उलटा करून पाहिला होता. "कातडं झालंय हाताचं," ती म्हणाली. "वाघाच्या संगतीत राहून पंजा फुटायचा बाकी आहे." त्याच सुमारास हातातून कप निसटणे, किल्ली पडणे असे काही होऊ लागले होते. त्याचीही थट्टा झाली. वय झाले की माणसाच्या हातून वस्तू पडतातच, असे सगळेच समजून चालले.

मग एका सकाळी बायको यंत्रावर वाकली ती तशीच राहिली. तिची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणताना तिथल्या डॉक्टरांनी लेकीला आणि आकडेवाल्यांना बाजूला घेऊन सांगितले, "तोंडानं घेतायत तोवर तोंडानंच द्या. बसवून, थोडं थोडं, मऊ करून. ओठात, दातांत चमचा धरतात ना, तेवढं बघत राहा. ते थांबलं की वेळ घालवू नका. अन्न श्वासात जाईल. मग नाकातून नळी घालावीच लागेल."

नळी हा शब्द ऐकताच लेकीने बापाकडे पाहिले. मावशी नळीवरच गेली होती. ती उपसून काढू नये म्हणून तिचे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना पट्टीने बांधले होते, आणि आठवडेच्या आठवडे ती तशी छताकडे पाहत पडली होती. तिला भेटून घरी परत येताना आई वाटेत थांबली होती आणि स्पष्ट म्हणाली होती, "माझ्या नाकात ते घालू देऊ नका. उपाशी मेले तरी चालेल. बांधून घेऊन मरायचं नाही मला." दोघांनीही हो म्हटले होते. चालत्याबोलत्या माणसाला हो म्हणणे सोपे असते.

लेक सासरहून येऊन राहिली. भरवण्याचे काम मात्र आपोआपच आकडेवाल्यांकडे आले. त्यात त्यांना कोण शिकवणार होते? सकाळी बागेत जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी परत आल्यावर ते खाटेजवळ बसत, मऊ भाताचा चमचा बायकोच्या ओठांशी नेत, आणि डोळे मिटून घेत. दात चमच्यावर बसत, किंचित ओढ येई, चमचा मोकळा होऊन परत येई.

"आहे," ते लेकीला सांगत. "ओढ आहे."

तेवढ्यावर घर दिवस काढत होते.

त्याच हंगामात थोरली उतरणीला लागली. तिचा वरचा एक सुळा कधीच मोडला होता. आता मागचे पाय आखडू लागले, पाठीचे हाड दिसू लागले. बागेच्या समितीपुढे विषय गेला. समितीने तो डॉक्टरबाईंवर सोपवला, आणि डॉक्टरबाईंनी, नेहमीप्रमाणे, आकडेवाल्यांवर.

"मी घाई करणार नाही, काका," त्या म्हणाल्या. "पाय आखडलेत, ते औषधानं सांभाळू. खाते आहे तोवर तिला हात लावायचा नाही. पण धरायचं थांबली, तर उपाशी ठेवून मारण्यात अर्थ नाही. तुम्ही सांगाल तेव्हा."

तुम्ही सांगाल तेव्हा. हे तीन शब्द घेऊन ते रोज संध्याकाळी पिंजऱ्यापुढे उभे राहू लागले. ओढ मंदावत होती यात शंका नव्हती. एके काळी ती अशी येई की खांदा निखळेल असे वाटे. मग ती मनगटापर्यंत आली. मग नुसती बोटांत राहिली, पाण्याच्या धारेखाली धरलेल्या दोरीसारखी. आणि एका संध्याकाळी त्यांनी डोळे मिटले, वाट पाहिली, आणि काहीच आले नाही. डोळे उघडून पाहिले तर तुकडा आकड्यावरून सुटून आत फरशीवर पडला होता, आणि थोरली त्याच्यापुढे मान खाली घालून उभी होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी तुकडा जागेवर नसे, पण मधले दार उघडे असे आणि धाकटी काही मागे ठेवणारी नव्हती.

"खाते का ती?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"धाकटी खाते, बाई. हिला धरवत नाही आता. तुकडा आपसूक घसरतो. ओढ गेली."

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचे काम दुसऱ्या सकाळी, बाग उघडण्यापूर्वी झाले. आकडेवाले तिच्या डोक्याशी बसून होते. सुई लागल्यावर तिचा जबडा सैल पडत गेला तो त्यांनी पाहिला. सुळे दिसले, तीन पूर्ण, एक मोडका. खरखरीत जीभ बाहेर आली. पंज्याच्या गादीत मिटलेल्या नख्या तशाच मिटलेल्या राहिल्या. नख्या बाहेर काढायला बळ लागते, आत राहायला काही लागत नाही. त्यांनी आपला उजवा हात तिच्या कानशिलावर ठेवला आणि गरम आहे की गार, हे त्यांना कळले नाही. ते दुःखामुळे, असे त्यांना वाटले.

निवृत्ती जवळ आलीच होती. सत्कार झाला. भाषणात कोणीतरी म्हणाले, की या हातांनी कधी चूक सांगितली नाही. सर्वांनी टाळ्या वाजवल्या; डॉक्टरबाईही वाजवत होत्या, फक्त त्यांची नजर टेबलावरच्या फुलांवर होती. आकडा आकडेवाल्यांना भेट म्हणून देण्यात आला. तो त्यांनी घरी आणून दाराच्या मागे उभा केला.

आता ते दिवसभर घरीच असत. तिन्ही वेळचे भरवणे त्यांच्या हातून होऊ लागले, आणि भरवता भरवता त्यांच्या ध्यानात येऊ लागले की इकडचीही ओढ कमी होत आहे. आधी ती उशिरा येई. मग यायची की नाही, अशी. ते चमचा धरून डोळे मिटून बसत, इतका वेळ की लेक स्वयंपाकघरातून डोकावे. दोनदा त्यांनी स्वतःशी खोटे बोलून लेकीला "आहे" म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा सांगवेना.

"बस इथं," ते म्हणाले.

लेक ओल्या हातांनीच येऊन बसली.

"आईची ओढ गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे गेली. चमचा नुसता तोंडात जातो आणि येतो. थोरलीचं असंच झालं होतं."

लेकीने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "बाबा, तुम्ही नीट बघितलंत ना?"

"बघायचं काय त्यात. उभा जन्म हेच केलं."

"आईला आपण शब्द दिला होता."

"डॉक्टर म्हणाले, श्वासात जाईल. गुदमरून जाऊ द्यायचं का तिला? शब्द दिला तेव्हा हे सांगितलं नव्हतं कोणी."

दोघे बोलत होते आणि ती खाटेवरून पाहत होती. एक डोळा अर्धवट मिटलेला, दुसरा पूर्ण उघडा. तिला किती समजते हे कोणालाच माहीत नव्हते. पण समजत नाही असे धरून चालणे दोघांनाही त्या क्षणी सोयीचे होते. लेकीने दवाखान्यात फोन केला. उद्या सकाळी घेऊन या, म्हणाले. हात बांधावे लागतील का, हे तिने विचारले नाही.

वाडग्यात भात उरला होता. "एवढा मी देते," लेक म्हणाली. "आजचा तरी तोंडानं."

आकडेवाले खुर्ची ओढून खिडकीशी, बंद यंत्राजवळ जाऊन बसले. त्यांनी पाठ फिरवली होती. मागे चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज झाला, आणि मग दुसरा एक आवाज आला, जो त्यांनी आयुष्यभर याच खोलीत ऐकला होता. कट्.

"बाबा."

ते वळले नाहीत.

"बाबा, आई चमचा सोडत नाहीये."

"तुला वाटतंय तसं. मलाही वाटत होतं."

"वाटत नाहीये हो. इकडं या ना. बघा तर खरं."

ते उठले ते लेकीची समजूत घालण्यासाठी. तिच्या हातून चमचा घेतला, भात घेतला, ओठांशी नेला, आणि सवयीने डोळे मिटू लागले. पण लेक समोर उभी होती, तिच्यासाठी म्हणून ते उघडे राहिले. दात चमच्यावर बसले. चमच्याची दांडी त्यांच्या चिमटीत हलली, वाकडी झाली, पुढे सरकली. बायकोची मान थरथरत होती. ती ओढत होती. जेवढे बळ त्या अर्ध्या देहात उरले होते तेवढे लावून ओढत होती. हे सगळे त्यांना दिसत होते. आणि बोटांत काही म्हणता काही येत नव्हते. जणू चमचा दुसऱ्याच कोणाच्या हातात होता.

त्यांनी चमचा सोडला. तो तिच्या दातांतच राहिला, दांडी वर करून. तिचा उघडा डोळा त्यांच्यावर रोखलेला होता. त्यात राग होता की दुसरे काही, हे ओळखायला तिची जीभ हवी होती.

"बाबा, हात दाखवा," लेक म्हणाली. तिने त्यांचा उजवा तळहात समोर धरला, टेबलावरची सुई उचलली आणि अंगठ्याशेजारच्या बोटाला टोचली. रक्ताचा थेंब आला. आकडेवाले त्याच्याकडे दुसऱ्याचे रक्त पाहावे तसे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बायकोऐवजी तेच गेले. मनगटातली नस दबलेली होती. वर्षानुवर्षे एकच मूठ आवळून धरणाऱ्यांचे असे होते, डॉक्टर म्हणाले, आणि ते एका रात्रीत होत नाही. किती दिवसांपासून बधिर असेल, या प्रश्नाला त्यांनी नेमके उत्तर दिले नाही. उत्तर देणारे दुसरे कोणी होते. आकडेवाले तिथून तडक बागेत गेले.

डॉक्टरबाईंच्या खोलीत, फडताळावर, थोरलीची कवटी वाळायला ठेवलेली होती. शाळांच्या सहलींना दाखवण्यासाठी. टाळूवरची हाडाची कड बोटभर उंच होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना खोल घळी, जिथे एके काळी ते टेकाड राहत होते.

"बसा, काका," बाई म्हणाल्या. "चहा सांगते."

"बाई, तिला फाडून बघितलंत तेव्हा पोटात काय होतं?"

बाईंनी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला. तो नीट ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

"कोणी काही बोललं का तुम्हाला?"

"कोण बोलणार? तुम्हालाच विचारतोय."

"मांस होतं," बाई म्हणाल्या. "आदल्या रात्रीचं. पोटभर."

आकडेवाले मान हलवत राहिले. तुकडा घसरत नव्हता. ती धरत होती, ओढून घेत होती, मोडक्या सुळ्यामुळे तोंडातला तुकडा क्षणभर खाली ठेवत होती, आणि ते डोळे उघडेपर्यंत त्याच्यापुढे मान घालून उभी राहत होती. एक पापणी उचलली असती तर दिसले असते. पण डोळे मिटणे हीच तर त्यांची कीर्ती होती.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं, काका? तुमचे थोडे दिवस उरले होते. सगळे तुमचा मान ठेवायला धडपडत होते. ती तशीही म्हातारी होती. फार तर वर्षभर."

"वर्ष होतं ना पण तिचं."

बाईंनी ट्रेमधला चिमटा पुन्हा सरळ केला.

"तुम्ही माझ्यावर दया केलीत," आकडेवाले म्हणाले. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. पाटीवरचा मजकूर वाचावा तसा तो होता. "आणि मी हात शाबूत समजून घरी गेलो. आज सकाळी माझ्या बायकोच्या नाकात नळी जायची होती, बाई. माझ्या सांगण्यावरून. लेकीनं चमचा हातात घेतला नसता, तर गेली असती. हात बांधून."

चहा आला. तो तसाच राहिला. बाईंच्या डोळ्यांत पाणी होते, पण त्यांनी माफी मागितली नाही, आणि ते बरेच झाले; मागितली असती तर ती देण्याचे काम पुन्हा आकडेवाल्यांच्याच गळ्यात पडले असते. उठताना त्यांनी कवटीच्या घळीत अंगठा ठेवून पाहिला. हाड गार असावे. तसे दिसत होते.

लेकीला कायमचे राहता येणार नव्हते. तिचेही घर होते, आणि सासरचे फोन आता आवाज चढवून येऊ लागले होते. म्हणजे भरवायचे त्यांनीच. हात सुधारेल की नाही हे शस्त्रक्रियेनंतर कळणार होते, आणि डावा हात या कामात अगदीच अडाणी होता. त्यांनी खाट फिरवून घेतली, उजेड तिच्या उजव्या-डाव्या दोन्ही कानशिलांवर पडेल अशी. ते समोर न बसता किंचित बाजूला बसले. डाव्या हाताने चमचा ओठांशी नेला. थोडा भात हनुवटीवर सांडला. तिने घशातून एक आवाज काढला, जो बोलता येत असते तर नक्कीच टोमणा झाला असता.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. कानाच्या जरा वर, पांढऱ्या केसांच्या मुळाशी, कातडीखाली काहीतरी जमून वर आले. उंदराएवढेही नाही. वाटाण्याएवढे. क्षणभर राहिले आणि बसले. त्यांनी दुसरा चमचा दिला. पुन्हा आले.

लेक स्वयंपाकघरात पिशवी भरत होती. तिने तिथूनच विचारले, "बाबा, ओढ आहे का?"

"कळत नाही," ते म्हणाले. "पण दिसते."

आणि डोळे उघडे असल्यामुळे बाकीचेही दिसत होते. टेकाड बसल्यावर त्या जागी जो खळगा उरे, तो गेल्या महिन्यापेक्षा खोल होता. त्याची कड आता हाडासारखी वर येऊ लागली होती. त्यांनी तिसरा चमचा भरला, आणि त्या खळग्यावरची नजर न काढता तो ओठांशी नेला.